पापाले जावा पाहिजे

सिरोंचा,
दि. ३ डिसेंबर १९८५

आदरणीय जाऊबाई,
सविनय जयभीम.

हे अक्षर आपण यापूर्वी पाहिलेले नाही, म्हणून आधी नाव सांगते. मी कुमुदिनी, आपल्या धाकट्या दिरांची पत्नी. लग्नानंतर घुग्घुसच्या क्वार्टरमध्ये तीन आठवडे मी आपल्या हातचे जेवले. त्या तीन आठवड्यांत मी आपल्याशी जेवढे बोलले, तेवढे एका श्वासात म्हणून संपेल. शेजारच्या जाहिदाबाईंना आपण म्हणाला होतात, "पोरगी बी. ए. हाय, पर मुकी हाय." मी दाराआड उभी होते. मला राग आला नाही. समोर माणूस असले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे खरेच आहे. कागद समोर असला की फुटतो. आपल्या सोयीसाठी मी अक्षर मोठे काढले आहे.

त्या तिसऱ्या आठवड्यात, भर पंगतीत, जे बोलले गेले आणि ज्यामुळे या दोन घरांतले येणेजाणे बंद झाले, त्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला नाही. मी तेव्हा वरण वाढत होते. मला दोन्ही बाजूंचे ऐकू आले, एवढेच.

लिहायचे ते असे, की आपल्याला पुतणी झाली आहे. जूनमध्ये, ब्रह्मपुरीला, माझ्या माहेरी. घुग्घुसला कळवले का, असे मी यांना विचारले होते. हे "हो" म्हणाले आणि लगेच अंघोळीला गेले, त्यामुळे कळवले नसावे. मुलीचे नाव विशाखा. पावसाळा संपून रस्ता सुरू झाल्यावर तिला घेऊन मी येथे आले. हे दिवसभर सागवानाच्या डेपोत असतात आणि घरी मी व ती, दोघीच असतो. तिचे कान यांच्यासारखे थोडे पुढे आलेले आहेत. यांचे कान लहानपणी आपण टोपीखाली बांधून ठेवत असा, असे आपल्या यजमानांनी, बापूरावभाऊंनी, मला हसत हसत सांगितले होते. विशाखाचे मी अजून बांधलेले नाहीत. बांधावेत का?

आता मुख्य अडचण. सहा महिने झाले, तरी ती दुधाखेरीज काहीही घेत नाही. तांदळाची पेज दिली, मुगाचे पाणी दिले, मऊ भात कुस्करून दिला. ती रडत नाही, चिडत नाही. चुकीच्या पत्त्यावर आलेले टपाल परत करावे तसा प्रत्येक घास शांतपणे परत करते. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी वजनाचा काटा पाहिला आणि मान हलवली. "आता दुधावर भागायचं नाही हं," असे त्या म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी मी वाटी आणि चमचा घेऊन परीक्षेला बसल्यासारखी बसते, आणि नापास होते. नापास होण्याची मला सवय नाही.

आमच्या कुंपणापलीकडे राजक्का राहतात. त्यांचे यजमान गोदावरीत मासे धरतात. घरात त्या तेलुगू बोलतात. माझ्यासाठी मात्र ओढूनताणून मराठी आणतात. काल त्यांनी विशाखाला मांडीवर घेतले, तिच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि मला म्हणाल्या, "अम्मा, पापाले आता जावा पाहिजे." (पापा म्हणजे बाळ, एवढे तेलुगू मला येते.)

"जावा?" मी विचारले.

"हो, जावा. सकाळी जावा, संध्याकाळी जावा. माझे चार पोरं जावावरच मोठे झाले. तुम्ही कसे लोक, सहा महिने झाले अन् जावा नाही!"

जाऊबाई, हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले. आपल्याकडे बाळाचे उष्टावण मामा करतो. इकडे हा मान बाळाच्या आईच्या जावांचा दिसतो, आणि तोही एका दिवसाचा नव्हे. त्या येऊन राहतात, सकाळ-संध्याकाळ भरवतात, आणि मूल त्यांच्या हातांवर वाढते. केवढी चांगली रीत आहे! जुने विधी आपण सोडले आहेत, हे मला ठाऊक आहे. परंतु घास भरवायला पूजा लागत नाही. एक तोंड लागते आणि एक हात लागतो.

मला जाऊ एकच. म्हणून हे पत्र. आपण यावे आणि विशाखाला पहिला घास भरवावा. आम्ही उभयता आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलो आहोत.

बापूरावभाऊंना सविनय जयभीम.

आपली नम्र,
कुमुदिनी

* * *

सिरोंचा,
दि. १० डिसेंबर १९८५

आदरणीय जाऊबाई,
सविनय जयभीम.

माझे मागचे पत्र आपल्याला अजून मिळाले नसेल, तर ते मिळाल्यावर न वाचता बाजूला ठेवावे, ही विनंती. मिळाले असेल, तर पुढील मजकूर वाचून हसावे. मात्र जाहिदाबाईंना सांगू नये.

पत्र टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी राजक्कांनी कुंपणावरून विचारले, "काय अम्मा, जावा झाली का?"

राजक्कांचे एकवचन-अनेकवचन मी कधी मनावर घेत नाही. दुसऱ्याची भाषा बोलणाऱ्या माणसाचे व्याकरण तपासणे मला असभ्यपणाचे वाटते. आता वाटते, तपासले असते तर बरे झाले असते. मी म्हणाले, "पत्र टाकलं आहे."

"पत्र? कशाले पत्र?"

"घुग्घुसला. येतील बहुतेक."

"अय्यो! घुग्घुसहून मागवता? इथी नाही भेटत काय?"

"इथे कुठून असणार? मला एकच आहे, ती घुग्घुसला."

त्यांनी थोडा विचार केला. "एक तं एक. पातळ हाय का जाड?"

जाऊबाई, मी आपल्याला खोटे लिहिणार नाही. मी म्हणाले, "थोड्या जाड आहेत."

"जाड नाही चालत पापाले. पाणी टाकून पातळ करा."

मला वाटले, ही तेलुगूतली बोलण्याची एक पद्धत असेल. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "गरम हाय का?"

"स्वभावाने म्हणता? थोड्या गरम आहेत, पण मनाने फार चांगल्या आहेत," मी म्हणाले. (हे मी तत्परतेने म्हणाले, याची कृपया नोंद घ्यावी.)

"गरम पाहिजेच. पण फुंकून द्या, नाही तं पापाचं तोंड भाजते. वाटीत घ्या, बोटानं ढवळा, मग चाटवा."

वाटीत घ्या, असे ऐकले तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी हलले. मी आपल्याला वाटीत पाहू लागले आणि माझ्याच्याने ते होईना. मी हळूच विचारले, "राजक्का, जावा म्हणजे काय?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग आत गेल्या आणि चुलीवरचे पातेलेच घेऊन आल्या. त्यात पेजेसारखे पातळ, वाफाळते काहीतरी होते. "हे जावा! गोधुमाची, म्हणजे तुमच्या गव्हाची. तुम्हाले काय वाटलं?"

मला काय वाटले, ते मी सांगितले. राजक्का पातेल्यासकट खाली बसल्या. त्यांच्या सुना धावत बाहेर आल्या; त्यांना तेलुगूत सांगण्यात आले, तेव्हा त्याही बसल्या. गेले पाच-सहा दिवस मी पाण्याला गेले की नळावरच्या बायका एकमेकींना विचारतात, "जावा कधी येणार?"

म्हणजे येथे तशी रीत वगैरे काही नाही. पेज आहे, साधी गव्हाची पेज.

ती तरी करून पाहावी म्हणून मी रेशनचा गहू आणला. इकडे सगळे भात खाणारे, त्यामुळे दुकानात गहू पोत्यानिशी पडून असतो. मी दोन किलो मागितला, तर दुकानदाराने "पाहुणे आले काय?" असे विचारले. निवडला, धुतला, वाळवला आणि खमंग भाजून चक्कीवर नेला. चक्कीवाल्याने माझ्या आधी कोणाची तरी वाळकी मिरची दळली होती, हे मला घरी येऊन चिमूटभर पीठ जिभेवर ठेवल्यावर कळले. मी अर्धा तास गूळ चघळत बसले होते. विशाखा माझ्याकडे फार कुतूहलाने पाहत होती. ते पीठ यांच्या पोळ्यांत गेले. हे फक्त दोन तांबे पाणी प्यायले.

दुसऱ्या खेपेला राजक्कांचे जाते आणले आणि घरीच भरडले. चाळून, पाण्यात शिजवून, दूध आणि गूळ घातला. वास इतका सुंदर आला की मीच दोन चमचे खाल्ले. सुजातेने तथागतांना दिली ती खीर तांदळाची होती असे सांगतात. गव्हाची दिली असती, तरी ती नाकारली गेली नसती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आमच्या विशाखाने नाकारली. चमचा पाहिला की ती ओठ असे मिटते, की तोंड नेमके कुठे होते ते शोधावे लागते. काल नर्सबाईंनी पुन्हा वजन केले. काटा जिथल्या तिथे आहे.

शब्द चुकला, म्हणून निमंत्रणही मागे घ्यावे की काय, याचा मी पुष्कळ विचार केला. घेत नाही. येथे कोणाला आई, कोणाला सासू, कोणाला दहा सुना आहेत. मला अडले तर विचारायला एक पाठ्यपुस्तक आहे, आणि त्यात बाळ कागदावर काढलेले आहे. तुम्ही या. "आपण" लिहायचे होते, "तुम्ही" लिहून गेले. खोडले तर पत्र घाण दिसेल, म्हणून तसेच ठेवते.

तुमची नम्र,
कुमुदिनी

* * *

घुग्घुस,
२१ डिसेंबर

कुमुदिनी, जयभीम.

तुही दोन्ही पत्रं भेटली. दुसरं पत्र पयले आलं अन् पयलं मंग आलं. म्हणून मी आंधी जाड झाली अन् मंग मले न्योता आला. मी जाड हावो हे खरं हाय. पर तुह्या राजक्काले सांग, पानी टाकून पातळ होनारी मी नोहे.

जाहिदाबाईले सांगू नोको म्हणून तू लिहिलं. तुह्या पत्रातले अर्धे शब्द मले समजत नाई, तं वाचून कोन देईन? तीच देते. ती हासू हासू शिलाईमशीनवर पडली. तिच्या घरवाल्याच्या, गुलाम रसूलभाईच्या, सदऱ्याले तिनं तिसरी बाही लावली.

येवढं बोलता येते तं इथी काऊन मुकी बसली होती वं?

आता ऐक. "आमी उभयता" म्हंजे दोघं, असं जाहिदाबाईनं सांगितलं. पर खाली सही तुही एकटीचीच हाय. दोन्ही पत्रात. लहानूले मालूम हाय का नाई, का मले बोलावून राह्यली? मले वाटते त्याले मालूम नाई.

मी लगन होऊन आली तवा लहानू पाच वर्साचा होता. त्याची माय मेलेली. त्याचं नाक मी पुसलं, त्याचे कान मी बांधले, त्याच्या फीसाठी मी रेजाकाम केलं, डोक्यावर इटा-गारा वाहला. मले पोर झालं नाई, मंग मी मनलं हाच हाय ना. अन् सिरोंच्याची बदली मले न विचारता घेतली, म्हणून मी बोलली, तं त्यानं भर पंगतीत मले म्हटलं का तू माही माय नोहे. बराबर हाय. नोहोच मी. मंग ज्याची मी कोनी नाई त्याच्या घरी कायले येऊ?

त्याच्या हातच्या चार ओळी येऊ दे, मंग पाहू. तुह्या हातच्या चारशे आल्या तरी मी येत नाई.

पोरीचे कान बांधू नोको. बांधून काई होत नाई, लहानूचे झाले काय?

कांता

* * *

सिरोंचा,
दि. ६ जानेवारी १९८६

जाऊबाई,
सविनय जयभीम.

तुमचे कार्ड नाताळच्या सुट्टीत मिळाले. उत्तराला उशीर झाला, त्याचे कारण पुढे येईलच.

"आम्ही उभयता" ही केवळ पत्रलेखनाची पद्धत होती. यांना काहीही ठाऊक नव्हते. तुम्ही ते सहीवरून ओळखाल, असे मला वाटले नव्हते.

कार्ड आले त्या संध्याकाळी मी सगळे धैर्य गोळा केले आणि म्हणाले, "घुग्घुसचं पत्र आलं आहे."

"दादाचं?"

"जाऊबाईंचं."

हे उठले, सायकल उलटी केली आणि अंधार पडेपर्यंत पंक्चर काढत बसले. सायकलला पंक्चर नव्हते. कार्डात काय आहे, हे यांनी विचारले नाही आणि मला सांगता आले नाही. चार ओळी मागायच्या होत्या; चार शब्दही माझ्या तोंडून निघाले नाहीत. विशाखा खात नव्हती, हे लिहीत नव्हते, आणि मी बोलत नव्हते. आम्ही तिघेही तोंड मिटून एका घरात बसलो होतो.

मग नाताळनंतरच्या रविवारी असे झाले.

सकाळी थंडी फार होती, म्हणून अंगणात उन्हात बसून मी विशाखाला भरवणार होते. बशीत थोडी खीर काढून निवत ठेवली होती. पातेले शेजारीच होते. हे दाढी करून आले आणि म्हणाले, "रोज रोज थुकून काऊन देते ही? तू जास्त गरम देत असशील. थांब, मी पाहतो."

मी "थांबा" म्हणेपर्यंत यांनी पातेल्यातूनच मोठा चमचा भरून तोंडात टाकला. भरडलेल्या गव्हाची खीर फसवी असते. वर साय धरते, हात लावला तर कोमट लागते, आणि आत विस्तव असतो. हे अंगणात उंच उडाले आणि ओरडले,

"वैनी वं!"

जाऊबाई, मी हे तुमचे मन राखण्यासाठी लिहीत नाही. जसे घडले तसेच लिहिते. माणसाला ठेच लागली, चटका बसला, तर तो "माय वं" म्हणतो, "आई गं" म्हणतो. मी आजवर दुसरे काही ऐकलेले नाही. हे "वैनी वं" म्हणाले. एकदा नव्हे. जीभ बाहेर काढून पेरूच्या झाडाभोवती फिरत होते, तेव्हा दर फेरीला म्हणत होते.

विशाखाने वडिलांचा असा नाच कधी पाहिला नव्हता. ती खदखदून हसली. सात महिन्यांत प्रथमच तिचे तोंड एवढे मोठे उघडलेले मला दिसले. बशीतली निवलेली खीर मी बोटावर घेतली आणि आत ठेवली. तोंड मिटले. तिने कपाळाला आठ्या घातल्या, फार विचार केला आणि गिळले. मग वडिलांकडे पाहून तोंड पुन्हा उघडले.

"परत ओरडा," मी म्हणाले.

"आँ? जीभ पोळली माही!"

"ते परत म्हणा ना. लवकर."

"काय म्हणू?"

"आत्ता जे म्हणत होतात ते."

"मी काय म्हणत होतो?"

यांना खरोखरच ठाऊक नव्हते. मी म्हणाले, "तुम्ही वैनी म्हणत होतात."

"हट्! मी काऊन वैनी म्हणीन?"

कुंपणावरून राजक्कांचा आवाज आला, "म्हटला, म्हटला! आम्ही सगळ्यांनी ऐकला. वैनी कोन हाय?"

मी म्हणाले, "माझी जाऊ."

"जावा? जावा तं बशीत हाय!"

यावर त्यांच्या सुना हसल्या, सुनांना पाहून विशाखा हसली, आणि मी दुसरे बोट आत घातले. तेही गेले. हे मात्र पेरूखाली उभे होते आणि हसत नव्हते. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्या दिवसापासून विशाखा खाते. सकाळी अर्धी वाटी, संध्याकाळी अर्धी. पण अट एकच आहे: वडिलांनी समोर उभे राहून ओरडले पाहिजे. हे "आई गं" म्हणून पाहतात, ती ओठ मिटते. "माय वं" म्हणतात, ती मान फिरवते. मी "वैनी वं" म्हणून पाहिले. तिने माझी कीव केली. यांनीच म्हटले पाहिजे, आणि तेच म्हटले पाहिजे. त्यामुळे डेपोत जाण्यापूर्वी एकदा आणि आल्यावर एकदा, अशी सिरोंच्याच्या या गल्लीत रोज तुमच्या नावाची हाक होते. डेपोतल्या चौकीदाराने यांना विचारले म्हणे, "साहेब, घरी काय त्रास हाय का?"

शुक्रवारी नर्सबाईंनी वजन केले. काटा सरकला आहे. त्यांनी मला विचारले, काय देता? मी म्हणाले, जावा. त्यांनी लिहून घेतले.

काल संध्याकाळी वाटी संपल्यावर हे पायरीवर बसले आणि म्हणाले, "माह्या घशाची वाट लागली. किती दिवस बोंबलत राहू मी? तिलेच बोलाव ना."

मी आजवर कोणाशीही जेवढे बोलले नव्हते, तेवढे काल बोलले. म्हणाले, "मी दोनदा बोलावलं. तुम्हाला न विचारता बोलावलं. त्या येत नाहीत. त्यांना माझ्या हातचं नको आहे, तुमच्या हातचं हवं आहे. त्या दिवशी पंगतीत मी वरण वाढत होते, मला सगळं ऐकू आलं होतं. आणि रविवारी तुम्ही कोणाला हाक मारलीत, तेही ऐकू आलं. मला वाटतं, त्यांनाही ते कळायला हवं." मग माझे मलाच आश्चर्य वाटले. हे माझ्याकडे असे पाहत होते, जणू घरातले कपाट बोलू लागले होते.

मी तुमचे कार्ड आणून दिले. यांनी ते उभ्याने वाचले. "तिसरी बाही" जिथे आहे तिथे हसले. पुढचे वाचताना खाली बसले. पाठीमागचा पत्ताही वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग विचारले, "रेजाकामाचं हे मले कधी कोनी सांगितलं नाई. तुले मालूम होतं?"

मला ठाऊक नव्हते. मीही ते तुमच्या कार्डातच प्रथम वाचले.

आज यांनी माझे पेन मागितले. गेली घटकाभर हे माझ्या शेजारी बसून आहेत आणि मी कधी संपवते याची वाट पाहत आहेत. पानाची खालची जागा माझ्याकडून जबरदस्तीने राखून घेतली आहे. म्हणून येथेच थांबते.

तुमची,
कुमुदिनी

वैनी, जयभीम.

इनं लिहिलं ते सगळं खरं हाय. पेरूच्या झाडाचंबी.

मले इच्यासारखं लिहिता येत नाई. चार ओळी मागितल्या तं चारच लिहितो. त्या दिवशी पंगतीत जे बोललो ते गव्हाच्या खिरीपेक्षा जास्त पोळलं, अन् तवाबी मी तुलेच हाक मारत होतो, पर मनातल्या मनात. तुह्या रेजाकामाचं मले काल मालूम झालं. तुह्या कार्डातली ती ओळ मी चारदा वाचली.

पोरगी तुह्यासारखी हट्टी हाय. सांभाळाले तूच पाहिजे.

येत्या रविवारी मी आल्लापल्लीच्या स्टँडवर उभा राहतो. चांद्याहून येनारी गाडी तिथी दुपारी येते, सिरोंच्याची गाडी तिथूनच धरा लागते. दादाले सुट्टी नसन तं एकटी बस, कंडक्टरले माहं नाव सांग. तू रविवारी नाई उतरली तं सोमवारीबी मी उभाच राहीन. रजा टाकली हाय.

लहानू